मांडीचा स्नायू आणि शरयू मॅडमचा शब्द

शरीररचनाशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात मी पहिल्या दिवशी बिचकतच शिरले. डॉ. शरयू मॅडमनी नाव विचारले, मग गाव. "मूळ अमळनेरकडचे, आता पांडेसऱ्याला," मी म्हणाले. त्या हसल्या. "मंग घरमा अहिरानी बोलतस ना?" सुरतेच्या त्या कॉलेजात मला आपले माणूस भेटले.

मांडीच्या पुढच्या स्नायूचा आतला भाग गुडघ्याची वाटी जागेवर धरून ठेवतो. त्याचे खालचे तिरके तंतू म्हणजे स्वतंत्र स्नायूच, मध्ये पातळ पडदा असतो, असे मॅडमनी तरुणपणी एका शोधनिबंधात लिहिले होते. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली माझा प्रबंध त्याच विषयावर होता, आणि मला पडदा एकाही शवात सापडेना. शेवटी भीतभीत त्यांनाच बोलावले. त्यांनी चष्मा पुसला आणि दुपारभर एकेक मांडी स्वतः तपासली.

"पडदा नाही गं. तेव्हा माझ्या सुरीनेच तो तयार झाला असणार. जे दिसतंय ते लिही."

"पण मॅडम, तुमचा निबंध..."

"निबंध माझा आहे, पाय माझा नाही."

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक भडकले. "गाइडनाच खोटं पाडता?" पदवी हातची गेली असे वाटले. मॅडम उठून उभ्या राहिल्या. "सर, चूक माझी होती. या मुलीचं बरोबर आहे. चला, दाखवते." परीक्षकांनी शवविच्छेदनगृहात बराच वेळ निरखून पाहिले, आणि प्रबंधावर सही केली.

त्याच वर्षी आप्पा, माझे वडील, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या ओल्या फरशीवर घसरले, पाय मोडला. प्लास्टर निघाले तेव्हा मांडी वाळून गेली होती; पाय सरळ होईना. मॅडम जिना चढून आमच्या खोलीवर आल्या, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. आप्पा संकोचले. "मॅडम, पायाला हात नका लावू."

"आप्पा, आयुष्यभर तेच तर केलंय. दाबा टॉवेल गुडघ्याने!"

त्या दर रविवारी येत राहिल्या. आईच्या हातची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी हेच त्यांचे मानधन. आप्पा पुन्हा मिलमध्ये उभे राहिले, ते त्यांच्यामुळे.

आज मॅडम पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. आता मीही तिथेच शिकवते. अजूनही त्या विच्छेदनगृहात येतात, विद्यार्थ्यांशी भांडतात, पटले की लगेच मान्य करतात. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांच्याशी वाद घालण्याचे भाग्य आमच्या विद्यार्थ्यांनाही पुष्कळ वर्षे मिळो.