चाळीस मीटरवरची हाक

ऑक्सिजनचं मशीन घरात आलं तेव्हा मला श्वासापेक्षा रेडिओची काळजी जास्त वाटली. मशीन सुरू झालं की हेडफोनमध्ये भुंगा शिरल्यासारखा आवाज भरायचा आणि दूरची स्टेशनं त्याखाली बुडून जायची. मशीन बसवायला आलेल्या माणसाला मी म्हटलं, हे किचनमध्ये ठेवा आणि नळी लांब द्या. त्याला वाटलं मला झोपेत आवाजाचा त्रास होतो. मी त्याला तसं वाटू दिलं.

माझी फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. आधी जिना बंद झाला, मग बाग, मग दारापुढच्या पायऱ्या. आता ब्रिस्टलमधल्या या घराचा खालचा मजला तेवढा माझा उरला आहे. पुढच्या खोलीत पलंग, पलंगाशेजारी टेबल, टेबलावर रेडिओ, आणि खिडकीच्या फटीतून बाहेर जाऊन बागेतल्या प्लमच्या झाडापर्यंत ताणलेली तांब्याची तार. वाऱ्यात ती तुटली की शेजारी शिडी लावून बांधून देतो. ही तार कशाची, हे त्यानं आजवर विचारलेलं नाही.

माझे वडील नागपूरला तारमास्तर होते. जेवताना ताटाच्या कडेवर बोटानं कडकट्ट करून ते मला अक्षरं ओळखायला लावायचे, आणि आई म्हणायची, आधी घास गिळा. पुढे मी इंजिनिअर झाले, लग्न होऊन इकडे आले, विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात कंपनं मोजण्यात सगळी नोकरी सरली. रेडिओवरून संदेश पाठवायचा परवाना मी इथेच काढला आणि वडिलांची ती भाषा पुन्हा बोटांत आली. नवरा गेल्यावर आणि मुलगी क्रॉयडनला राहायला गेल्यावर घरात बोलायला कुणी नव्हतं, तेव्हा तीच सोबतीला उरली.

सकाळी चाळीस मीटर नावाच्या रेडिओपट्ट्यावर स्कॉटलंडपर्यंत सहज बोलता येतं. तिथे मला तो भेटला. तरुणपणी जहाजावर रेडिओ ऑफिसर होता, आता पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावात बायकोबरोबर राहत होता. सकाळचा चहा झाला की तो हाक द्यायचा आणि मी उत्तर द्यायचे. आम्ही एकमेकांचा चेहरा कधी पाहिला नाही, आवाजही ऐकला नाही. नुसते डिट आणि डा, मोर्सचे छोटे आणि लांब ठोके. पण अक्षरावरून माणूस ओळखावा तसा मोर्समध्ये हात ओळखता येतो. त्याचा शेवटचा डा नेहमी जरा ओढलेला असायचा, निरोप घेऊनही माणूस दार धरून उभा राहतो तसा. हवा, टोमॅटो, गुडघे, कोणतं औषध पोटाला बाधतं, असलंच आमचं बोलणं. मी घरात अडकले तसा तोही अडकला. तो संधिवातानं, मी फुप्फुसांनी. बाहेर पडणाऱ्या लोकांना जे सांगून उपयोग नसतो ते आम्ही एकमेकांना सांगायचो.

एका सकाळी त्याची हाक आली नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. मग त्याच्या बायकोचा फोन आला. माझा नंबर त्यानं तिला कधीतरी देऊन ठेवला होता. तिनं थोडक्यात सांगितलं, झोपेत गेला, त्रास झाला नाही. मी जे म्हणायचं ते म्हटलं. आम्हा रेडिओवाल्यांत मेलेल्या माणसाला 'सायलेंट की' म्हणतात. ज्याची मोर्स वाजवायची कळ आता वाजणार नाही असा. इतरांच्या बाबतीत मी हे शब्द सहज वापरत आले होते. त्याच्या बाबतीत ते मला बरेच दिवस वापरता आले नाहीत.

त्याच्या अंत्यविधीनंतर काही आठवड्यांनी, चहा पिऊन मी सवयीनं त्या जागी काटा आणला आणि त्याची हाक ऐकू आली.

मी हेडफोन काढून ठेवला. पुन्हा लावला. हाक चालूच होती. मोर्समधली सर्वांसाठीची हाक, मग त्याचा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची त्याची खूण, आणि शेवटचा डा जरा ओढलेला. हाक थांबली, उत्तरासाठी ठेवतात तेवढी जागा रिकामी राहिली. माझा हात कळेवर गेला. मी विचारलं, कोण आहे? पलीकडून काही नाही. थोड्या वेळानं पुन्हा तीच हाक.

हाक मशीनमध्ये भरून ठेवता येते, हे मला माहीत होतं. पण मशीनचे ठोके मोजूनमापून सारखे असतात. हा हात होता. मी बोटाला क्लिप लावून ऑक्सिजन बघितला. ठीक होता. मेंदूला हवा कमी पडली की माणसाला काहीबाही ऐकू येतं, असं नर्सनं मला पूर्वी बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशीही हाक आली. तिसऱ्या दिवशीही. मी प्रत्येक वेळी उत्तर द्यायचे आणि प्रत्येक वेळी त्याच रिकाम्या जागेत माझं उत्तर नाहीसं व्हायचं. मी काय बोलते ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं, किंवा पोचत होतं आणि त्याला माझ्याशी बोलायचं नव्हतं. हा दुसरा विचार वेडगळ होता, हे मला कळत होतं. तरी दिवसभर मला तोच त्रास देत राहिला. नवरा गेल्यावर मला घरात कधी भास झाले नव्हते. त्याचा कोट बरेच दिवस हुकावर होता, तो कोटच दिसायचा. इथे मात्र ज्याला कधी पाहिलं नाही असा माणूस रोज सकाळी माझ्या कानात येऊन उभा राहत होता. काही दिवसांनी मी 'कोण आहे' विचारणं सोडून दिलं. नुसतं सुप्रभात म्हणायचे, इथली हवा सांगायचे आणि थांबायचे.

त्याच्या बायकोला फोन करायचं मनात आलं नाही असं नाही. पण तिला काय विचारणार? तुमचा नवरा रेडिओवर येतो, असं? तिला काहीच माहीत नसेल तर मी तिचं दुःख उकरणार, आणि मला भास होत असेल तर तेही उघड होणार.

शनिवारी मुलगी आली. ती इथेच जन्मली, तिचं मराठी माझ्यापुरतं आहे. मी तिला सगळं सांगितलं. तिनं आधी क्लिप शोधून माझ्या बोटाला लावली.

"आई, लेव्हल ओके आहे. तू रात्री मास्क काढते का?"

"नाही काढत. तू बस. आता येईल."

ती पलंगावर बसली. मी हेडफोन काढून स्पीकर लावला. खरखर, दूर कुठेतरी एक इटालियन, आणि मग ती हाक.

"मला नुसता बीप बीप ऐकू येते," ती म्हणाली. मग तिनं फोन काढला, त्यावर मोर्स वाचणारं ॲप उतरवलं आणि फोन स्पीकरजवळ धरला. आधी खरखरीची अक्षरं पडली, अर्थ नसलेली. मग एकेक करून नीट अक्षरं येऊ लागली. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर त्यानं पूर्वी पाठवलेलं कार्ड टाचलेलं आहे, त्यावर त्याचा कॉलसाइन ठळक छापलेला आहे. तिनं फोनकडे बघितलं, मग कार्डाकडे.

"आई, हे सेम आहे."

"हो."

"पण तो माणूस गेला ना? आय मीन, खरंच गेला ना?"

"गेला."

हाक संपली. रिकामी जागा सुरू झाली. मी सवयीनं कळ दाबली आणि माझं बोलणं पाठवलं. मुलगी माझ्या हाताकडे बघत होती.

"तू त्याला काय सांगितली?"

"हवा. आज इथे पाऊस आहे म्हणून."

मग फोन माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "त्याच्या वाइफला फोन कर. तू नाही केलं तर मी करते."

मला भास होत नव्हता, याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. भास असता तर तो निदान माझा असता.

त्याच्या बायकोनं फोन लगेच उचलला. मी इकडचं तिकडचं विचारलं, मग धीर करून म्हटलं, "त्यांच्या रेडिओला कुणी हात लावतं का?"

"मी लावते," ती म्हणाली. "का?"

"काय करता तुम्ही?"

"सकाळी भांडी झाली की बटण दाबते. बोटं वाकडी झाली तेव्हा त्यानं एक डबी बनवली होती. एका चांगल्या दिवशी हाक स्वतःच्या हातानं वाजवली आणि तिच्यात भरून ठेवली. सुरुवात डबी करायची, पुढचं तो हातानं. आजारी पडला तेव्हा मला दाखवून ठेवलं होतं, आधी रेडिओ लावायचा, मग लाल बटण दाबायचं, की ती हाक देत राहते. लग्न झाल्यापासून या घरात सकाळी तो आवाज आहे. तो नसला की मला घरात उभं राहवत नाही. म्हणून लावते. खोलीतल्या खोलीतच वाजतो ना तो?"

मी मुलीकडे बघितलं. फोन स्पीकरवर होता, तिनंही ऐकलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "तो बाहेर जातो. मला इथे ब्रिस्टलला ऐकू येतो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती बसली असावी.

"तुम्ही ऐकलंत?"

"रोज."

"मग तुम्हाला काय वाटलं असेल."

"ते जाऊ द्या."

"तुम्ही उत्तर दिलंत?"

"दिलं."

"मला ऐकू आलं नाही. मी बटण दाबून किचनमध्ये जाते. दार उघडं ठेवते." मग तिनं विचारलं, "तो काय म्हणतो त्यात? मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही. एवढी वर्षं नुसता आवाज ऐकला."

"कुणी आहे का, असं म्हणतात ते. कुणीही. आणि मग आपलं नाव. मी इथे आहे, कुणी ऐकत असेल तर बोला."

"रोज हेच?"

"सुरुवात रोज हीच."

मग ती म्हणाली, "आणि मी शेजारच्या खोलीत होते."

ते सगळ्यांसाठी असतं, त्याचा तसा अर्थ नसतो, असं मी म्हटलं. ती हो हो म्हणाली. पण मला वाटतं, आम्हा दोघींनाही ते पटलं नव्हतं. माझा नवरा वर झोपलेला असताना मीही वर्षानुवर्षं हीच हाक देत होते.

पुढचं मला सांगावंच लागलं. परवाना माणसाबरोबर संपतो. मेलेल्या माणसाच्या खुणेनं हाक जाणं बरं नाही. आज मी ऐकते आहे, उद्या आणखी कुणी ऐकेल आणि तक्रार करेल. असल्या डबीला स्वतःचा छोटा स्पीकर असतो, रेडिओ बंद ठेवून नुसती डबी लावली तर आवाज घरातच राहील. हे सांगताना, मी त्याला दुसऱ्यांदा पुरते आहे असं मला वाटत राहिलं.

ती समजूतदार बाई आहे. म्हणाली, "ठीक आहे. उद्या एकदा लावू का? शेवटचं. उद्या मी किचनमध्ये जाणार नाही."

मी हो म्हटलं. नियमात ते बसत नव्हतं.

रविवारी मुलगी थांबली. तिनं खुर्ची ओढून माझ्या शेजारी घेतली. हाक आली, नेहमीसारखी. रिकामी जागा आली. मी सुप्रभात म्हटलं, हवा सांगितली आणि निरोप घेतला. आम्ही निरोप घेतो ती दोन अक्षरं तो गेल्यापासून मी त्याला पाठवली नव्हती, कारण रोजच्या बोलण्यात ती शेवटी यायची आणि आता त्याचं बोलणं कधी सुरूच होत नव्हतं.

मग पलीकडून एक डा आला. लांब, नवशिक्या हाताचा, कळ कशी सोडायची ते माहीत नसल्यासारखा. आणि तो तुटला.

"हे काय होतं?" मुलीनं विचारलं.

"माहीत नाही."

"ती होती का?"

"असेल."

त्यानंतर पट्ट्यावरची त्याची जागा रिकामी आहे. त्याच्या बायकोला मी त्या लांब ठोक्याबद्दल विचारलं नाही, आणि तीही आपणहून काही बोलली नाही. रेडिओ तिनं जवळच्या रेडिओवाल्यांच्या क्लबला दिला, डबी ठेवून घेतली. आता अधूनमधून दुपारी तिचा फोन येतो. नवरा माझ्याशी काय बोलायचा ते ती विचारते आणि मी आठवेल तसं सांगते. टोमॅटोंना कीड लागली होती ते. गुडघ्याचं. एकदा तिनं केलेल्या सूपमध्ये मीठ राहिलं होतं आणि त्यानं तिला न सांगता संपवलं ते. यावर ती हसली, मग म्हणाली, "मला कळलं होतं." आता मला सांगण्यासारखं फारसं उरलेलं नाही. तेच तेच सांगितलं तरी ती थांबवत नाही.

मुलीनं मध्यंतरी विचारलं, "आई, तुझा पण असा रेकॉर्ड करून ठेवू या का? हातानं वाजवलेला?"

"नको."

"का?"

"तू बटण दाबशील आणि किचनमध्ये जाशील."

ती रागावली. मग स्वतःच ऑक्सिजनची नळी दारात अडकली होती ती सोडवून आली.

मी रेडिओ सोडलेला नाही. सकाळी बर्मिंगहॅमचा एक रिटायर्ड बस ड्रायव्हर भेटतो, नुकताच मोर्स शिकलाय, अक्षरं चुकवतो आणि दर वेळी माफी मागतो. नॉर्वेची एक बाई आहे, ती फार जलद बोलते. हाक दिली की बहुतेक वेळा कुणीतरी येतंच. पण हाक संपल्यावर आणि उत्तर यायच्या आधी जी थोडी जागा असते, ती मला आता पहिल्यासारखी सोसत नाही.

गेल्या आठवड्यात त्या जागेत कुणीतरी फार अस्पष्ट वाजवत होतं. कान देऊनही अक्षरं लागेनात. मी पुन्हा सांगा म्हणाले, दोनदा म्हणाले. ते हळूहळू खरखरीत विरलं. कोण होतं ते कळायला मार्ग नाही. वरण तापवायची वेळ झाली होती, तरी मी बराच वेळ हेडफोन काढला नाही.