ट्रॉली मागं घेताना

एकट्या-दुकट्यानं व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांना लोक सारखे सांगतात, जिद्द सोडू नका. डोंबलाची जिद्द! रोज सकाळी उठून आपल्याच कोडातल्या चुका शोधत बसायचं, आणि शेजारच्या काकूंनी काय करतीस गं म्हणून विचारलं की ‘कॉम्प्युटरचं काम’ म्हणून सुटायचं, याला जिद्द म्हणत असतील तर माझ्याकडं ती पोत्यानं होती. दादाची मात्र त्या संध्याकाळी संपत आलती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत डिझाइनला होता. ती नोकरी सोडून तो माझ्याबरोबर बसला. कोड माझा, चित्रं त्याची. गेम उसाच्या ट्रॅक्टरचा. फडात ट्रॉली लावायची, ऊस भरायचा आणि खड्ड्याखुड्ड्यांतनं कारखान्यावर पोचवायचा. दोन गळीत हंगाम त्यात गेले. गेम बाहेर आला आणि कुणी ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. तेवढ्यात वहिनीला सातवा महिना लागला, आणि जुन्या मालकांचा दादाला निरोप आला की जागा रिकामी आहे, आज सातला फोन करतो, हो की नाही तेवढं सांग, नाहीतर दुसरा माणूस घेतो. दादा गेला की गेम संपला. मला चित्रात साधी शेळीसुद्धा काढता येत नाही.

नेमकं त्याच संध्याकाळी एक बाई आमचा गेम खेळणार होती. आमच्यासारख्यांचे छोटे गेम ती इंटरनेटवर लोकांसमोर थेट खेळून दाखवायची. तिकडं उत्तरेत कुठंतरी राहायची, हिंदीत बोलायची. दादानं आधीच सांगून टाकलं, हिनं मन लावून खेळला तर थांबतो, नाहीतर उद्या माझा डबा भर.

साडेसहाला तिनं सुरू केलं. आम्ही दोघं माडीवर स्क्रीनसमोर, आईनं ठेवलेला चहा तसाच. ट्रॅक्टर बघून ती खूश झाली. दादाचं चित्र बघून ‘किती सुंदर’ म्हणाली. मला वाटलं, जिंकलं. मग आली पहिली लेव्हल. रिकामी ट्रॉली मागं घेऊन फडात लावायची, बस्स. तिनं स्टिअरिंग डावीकडं मारलं, ट्रॉली उजवीकडं जाऊन कडेच्या पाण्याच्या पाटात पडली. परत मारलं, परत पाटात.

घोडं पेंड खात होतं ते इथंच. मागं घेताना ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडं मारायचं, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. मिसरूड फुटायच्या आधी पोरं शिकतात, मीसुद्धा शिकलेय. गेम तपासायला दिला तो चुलतभावांना, मामाला, गल्लीतल्या सगळ्यांना. एकानंही विचारलं नाही. उलट तोंडावर ऐकवलं, हे काय बाळबोध, जरा अवघड करा की. सगळ्यात सोपं म्हणून तर ते पहिलं ठेवलं होतं, आणि कसं करायचं याचा एक शब्द कुठं लिहिला नव्हता.

ट्रॉली पाटात पडत राहिली. बघणारे खाली भराभर लिहायला लागले, गेम बिघडलाय, बंद कर, दुसरा लाव. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दादा भिंतीकडं तोंड करून बसला.

“बंद कर ते,” तो म्हणाला. “बघवत न्हाय.”

ती बाई मात्र हटेना. लोकांना म्हणाली, माझं चुकतंय की गेमचं, ते कळल्याशिवाय मी उठणार नाही. मला रडूच आलं. आपण बनवलेल्या वस्तूपायी एक परकं माणूस घाम गाळतंय, आणि आपण मख्खासारखे बघत बसलोय! मी कीबोर्ड ओढला. दादा म्हणाला, लिहू नको, लाज जाईल. मी म्हटलं, ती गेलीच की. आणि तोडक्यामोडक्या हिंदीत लिहिलं: गेम मी बनवलाय. स्टिअरिंग उलटं मारा. सांगायचं राहिलं, कारण आमच्या गावात हे सगळ्यांनाच येतं.

तिनं ते मोठ्यानं वाचलं. मग इतकी हसली की खुर्चीतनं पडायचीच बाकी. सगळ्यांना येतं? सगळ्या गावाला? विचारत विचारत तिनं स्टिअरिंग उजवीकडं मारलं. ट्रॉली डुलत डुलत डावीकडं वळली. एक चाक पाटाच्या काठावर.

आणि दादाचा फोन वाजला. मालकच.

दादा उठला. फोन हातात धरून स्क्रीनसमोर येऊन उभा राहिला. बाईनं स्टिअरिंग जरा जास्त मारलं तसं त्याच्या तोंडून ‘हळू, हळू’ निघालं. फोन वाजतोय. मी त्याच्याकडं बघायला धजले नाही. चाक काठावरनं आत आलं, ट्रॉली सरळ फडात जाऊन उभी राहिली, बाई दोन्ही हात वर करून ओरडली. फोन कधी थांबला ते मला कळलंच नाही.

मी म्हटलं, “दादा, मालकांना फोन लाव. अजून वेळ हाय.”

त्यानं फोन पालथा ठेवला आणि माझी खुर्ची धरून हलवली.

“सरक तिकडं. दुसऱ्या लेव्हलला उतार हाय, तितं बी अडकणार ती. कुठं वळायचं त्याचा बाण काढून द्यायला पायजे.”