रिकामी म्हणून पुसलेली जागा

आमच्या घरात मुंबईहून आलेल्या माणसाला कोणी काही शिकवायचं नसतं. तोच येऊन सगळं नीट करतो. मिक्सर, शेगडी, टीव्हीची केबल. त्या मे महिन्यात माझे दीर मुलांना घेऊन महाडला आले आणि त्यांनी माझा कॉम्प्युटर नीट केला.

त्यावर विंडोजबरोबर लिनक्स ही दुसरी सिस्टिमही होती, मी शिकवते त्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी घालून दिलेली. सुरू करताना दोन नावं यायची, त्यातलं एक निवडायचं. विंडोज मुलांच्या खेळांसाठी, लिनक्स माझं. तिथे मी आमच्या खाचरांची नावं लिहून ठेवली होती. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या आमच्या गावी भाताच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे. सातबाऱ्यावर नुसते नंबर. नाव कशावरून पडलं, बांध कोणी घातला, पाणी कुठून येतं, हे सासरे दोन वर्षं दर रविवारी सांगत आणि मी टाइप करत असे. आदल्या थंडीत ते गेले.

पुतण्यांना नवा गेम हवा होता आणि जागा पुरेना. विंडोजला लिनक्सचा भाग वाचता येत नाही, त्यात काही आहे हेही कळत नाही. भाऊजींनी तो सरळ पुसला आणि त्या जागेत गेम भरला. मी बाजारात गेले होते. आले तेव्हा कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता. काळ्या पडद्यावर एरर आणि एक आकडा.

कॉम्प्युटर क्लासवाल्याला बोलावलं. त्याने सीडी घालून विंडोज सुरू करून दिलं. "दुसरं मात्र गेलं, मॅडम," तो म्हणाला. "त्याच्यावर आता गेम आहे."

"त्यात काय नव्हतं हो वहिनी," भाऊजी म्हणाले. "जागा रिकामीच होती."

नवऱ्याने मलाच विचारलं, कॉपी का नाही काढलीस? सासूबाई आत येऊन म्हणाल्या, "चार दिस आलाय गो, त्याला काय बोलू नको." माझ्या कपाटातली वही कोणी न विचारता चुलीत घातली असती का? पण कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं म्हणजे लिहिलेलंच नव्हे, अशी या सगळ्यांची समजूत. मी मुकाट्याने आमटी वाढली. त्या समजुतीचा राग मला अजून येतो, आणि स्वतःचाही येतो.

नंतर आठवून आठवून मी तेरा नावं लिहिली. होती चाळीसच्या वर.

पुढच्या वर्षी भाऊजींचा फोन आला. विहिरीवरच्या तुकड्यात ते कलमं लावणार होते, फाटकावर नावाची पाटी हवी होती. "बाबा त्याला काय म्हणायचे, वहिनी?"

ते नाव माझ्या तेरांत नव्हतं. मला आठवत नाही, असं मी सांगितलं.

"असं कसं? तुम्ही तर सगळं लिहून ठेवलेलं ना?"

शाळेत साठ पोरांच्या वर्गाला ऐकू जाईल असा आवाज आहे माझा. भाऊजींना तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.