जळगावातला प्रशांत महासागर

किस्से जमवावे लागत नाहीत. चार हट्टी माणसं दर रविवारी एका खोलीत बसवा, किस्से आपोआप साचतात, कूलरच्या टाकीत शेवाळं साचतं तसे! आमचं रविवार मंडळ जळगावात एका शाळेच्या हॉलमध्ये भरतं. वर्षाला एकच विषय घ्यायचा आणि तो तडीस न्यायचा, एवढा एकच नियम. यंदाचा विषय होता जपानचं साम्राज्य आणि त्यातून पेटलेलं समुद्रावरचं, आभाळातलं युद्ध. व्याख्यानांतलं मी किती विसरले ते विचारू नका. पण हे मात्र विसरत नाही.

विषय सुचवला नानांनी. नाना मूळचे पहूरचे, हायस्कूलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मंडळ त्यांचंच. आवाज असा की माइक लाजावा.

विषय ऐकून सावद्याचे प्रकाशभाऊ हबकले. त्यांच्या केळीच्या बागा आहेत, आणि दर रविवारी मोटारसायकलवर येतात.

"नाना, आपण खान्देशातली माणसं. आपल्याला तापी माहीत. नौदलाचं युद्ध आपल्याला काय कळणार? हॉलमध्ये समुद्र नीट पाहिलेली माणसं किती आहेत, विचारा बरं!"

नाना शांतपणे म्हणाले, "अकबर तरी मी कुठे पाहिला होता? तरी जन्मभर शिकवला ना!"

विषय मंजूर.

* * *

मी कॉलेजात भूगोल शिकवते, म्हणून नकाशा माझ्या गळ्यात पडला. भिंतीवरचा नकाशा नानांना नको होता. "अंतर पायांना कळलं पाहिजे," म्हणाले. मग मी हॉलच्या फरशीवर खडूने अख्खा प्रशांत महासागर काढला. मांचुरिया, चीन, जपान व्यासपीठाच्या पायरीशी. फिलिपिन्स खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत. पण प्रमाण सांभाळता सांभाळता हवाई बेटं काही हॉलमध्ये मावेनात! ती गेली दाराबाहेर, उघड्या ओट्यावर.

पर्ल हार्बरच्या रविवारी नानांनी प्रकाशभाऊंना तिथे उभं केलं. अमेरिकेचं आरमार म्हणून.

महिना मे. गाव जळगाव. आणि नाना सुरू झाले ते थेट मांचुरियापासून! जपानने तो प्रांत कसा गिळला, मग चीनवर कसा चालून गेला, अमेरिकेने तेल का तोडलं, विमानं वाहणारी जहाजं गुपचूप कशी निघाली… मुद्द्यामागून मुद्दा.

शेवटी दारातून आरोळी आली, "नाना, करा की हल्ला आता! अमेरिका इथं भाजून निघाली!"

* * *

मंडळात एक अक्का आहेत. शिरपूरकडच्या एका खेड्यातल्या. आता जळगावला लेकीकडे राहतात. वय ऐंशीच्या पुढे. पहिल्यांदा आल्या तेव्हा आम्हाला वाटलं, हॉलमधल्या मोठ्या कूलरसाठी आल्या असतील. पण थंडीतही येत राहिल्या. पहिल्या रांगेत बसायचं, डोळे मिटायचे, ऐकायचं. झोपल्या आहेत असं समजून बोलणाऱ्याची मात्र फजिती व्हायची.

एकदा वाद पेटला. प्रकाशभाऊंचं म्हणणं, "काही म्हणा, जपानने गोऱ्यांना आशियातून पळवून तर लावलं! आशिया आशियावाल्यांचा, हे काय वाईट होतं?"

नाना तापले. "चीनमधल्या बायकापोरांना विचारा! मलायातल्या मजुरांना विचारा! अंदमान तर आपलंच होतं ना? तिथल्या लोकांचे काय हाल केले ते वाचा!"

"पण नाना, इंग्रज गेला ना तिथून?"

"गेला. पुढे?"

दोघेही खुर्च्यांवरून उठले. तेवढ्यात अक्कांनी एक डोळा उघडला.

"एक धनी गया, दुसरा धनी ऊना. बैलले काय फरक पडना रे भाऊ?"

आणि डोळा मिटला! त्या दिवशीची चर्चा तिथंच संपली.

* * *

मिडवेच्या लढाईसाठी प्रकाशभाऊंनी केळीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून जपानची चार विमानवाहू जहाजं बनवली. काय जहाजं! सपाट डेक, वर आगपेटीएवढी विमानं, खाली राखाडी रंग. दोन महिने हा माणूस बागेतून आला की कात्री घेऊन बसायचा. घरी देवघरासमोर जहाजांचा तळ पडला होता.

लढाईच्या दिवशी जहाजं फरशीवर मांडली. नानांनी सगळं रंगवून सांगितलं. डेकवर बॉम्ब, इंधन, विमानांची घाई आणि वरून अचानक सुटलेली अमेरिकन विमानं. एकामागून एक तीन जहाजं पेटली. नानांनी काठीने तिन्ही आडवी केली. चौथ्याकडे काठी वळली तसे प्रकाशभाऊ मध्ये आले.

"नाना, एवढं राहू द्या. फार छान जमलंय हो!"

"प्रकाश, चौथंही बुडालं."

"संध्याकाळपर्यंत तरी तरंगलं होतं ना?"

"इथे संध्याकाळ झाली असं समज."

हॉल हसला. प्रकाशभाऊ मात्र हसले नाहीत. खाली बसून त्यांनी ते चौथं जहाज स्वतःच्या हातांनी हळूच आडवं केलं आणि विचारलं, "आत माणसं किती असतील, नाना?"

"चारही जहाजांची मिळून हजारो."

तेवढ्यात प्रकाशभाऊंचा फोन वाजला. स्पीकर चालू राहिला होता. वहिनींचा आवाज हॉलभर घुमला, "बुडाली का एकदाची? परत घरी आणू नका हं!"

* * *

ग्वादालकनालच्या लढाईवरच्या व्याख्यानाच्या तोंडावर नाना न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "आता विश्रांती. व्याख्यानं वगैरे विसरा."

मी भेटायला गेले तर नाना छताकडे बघत पडलेले. मला वाटलं, दुखतंय. विचारलं, तर म्हणाले, "रविवार चुकला तर मंडळ मोडेल. एकदा मोडलं की परत जमत नाही. इकडेच बोलवा सगळ्यांना."

"नाना, हा जनरल वॉर्ड आहे!"

"मग श्रोते वाढतील."

आणि खरंच, भेटीच्या वेळेत आम्ही कॉटभोवती उभे राहिलो. नाना उशीला टेकून बोलू लागले. आवाज अर्ध्यावर आला होता, कपाळावर घाम होता, मधूनच कळ यायची आणि ते गादीची कड घट्ट धरायचे. मी म्हटलं, "नाना, थांबू या." तर हातानेच गप्प केलं. दूरवरचं एक बेट, त्यावर एक विमानतळ, आणि त्या धावपट्टीपायी महिनोन्‌महिने चाललेली लढाई. समुद्रात इतकी जहाजं बुडाली की त्या तळाला नावच पडलं लोखंडाचं. सिस्टर बीपीचं यंत्र घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. वेळ संपली तेव्हा गोष्ट अर्धीच झाली होती. "उरलेलं उद्या," नाना म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले. शेजारच्या कॉटवरच्या, पायाला प्लास्टर घातलेल्या गृहस्थांना म्हणाले, "काका, अभिनंदन! सकाळी डिस्चार्ज."

"उद्या नको, साहेब," काका म्हणाले. "तो विमानतळ कुणाकडे राहिला ते कळल्याशिवाय मी हलणार नाही!"

* * *

वर्ष संपत आलं तेव्हाची ही गोष्ट. नाना वॉकर घेऊन हॉलमध्ये परतले होते. त्या रविवारी प्रकाशभाऊंनी बरोबर एक पाहुणे आणले. जपानहून केळीच्या बागा पाहायला आलेले मोरीसान (‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’), वय साठीच्या आसपास, आणि त्यांची दुभाषी, पुण्याची एक मुलगी.

आमची पाचावर धारण बसली. कारण त्या दिवशीचा विषय होता सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती सापडलेले हिंदी सैनिक, आणि त्यातल्या कित्येकांना जहाजांत कोंबून न्यू गिनीला मजुरीला नेलं, ती हकिगत.

मी नानांच्या कानात म्हटलं, "आज दुसरं काही घ्यायचं का? पाहुणे आहेत."

"विषय बदलायचा नाही. एक शब्द बदलायचा नाही," नाना म्हणाले. "पाण्याचा ग्लास तेवढा त्यांच्या हाताशी ठेवा."

नानांनी सगळं सांगितलं. उपासमार, मारहाण, रोगराई, जंगलातच राहिलेली माणसं. मुलगी हलक्या आवाजात भाषांतर करत होती. मोरीसान मान खाली घालून ऐकत होते.

नाना थांबले, तशा अक्का काठी टेकत उठल्या. वर्षभरात पहिल्यांदाच.

"मना बाप तठेच व्हता," अक्का म्हणाल्या. "माय सांगे, सिंगापूरले गया. तवय मी पोटमा व्हतू. परत ऊना नही."

मुलीला अहिराणी कळेना. मग मी मराठीत सांगितलं, तिने जपानीत.

मोरीसान उभे राहिले. त्यांचं बोलणं उलट्या वाटेने आमच्यापर्यंत आलं. त्यांचे आजोबाही सैनिक म्हणून न्यू गिनीलाच गेले होते. तिथे उपासमारीने मेले असावेत. युद्धानंतर सरकारकडून घरी एक पेटी आली, अस्थींची म्हणून. आजीने उघडली तर आत अस्थी नव्हत्या. एक दगड होता.

अक्का काठीवर जरा पुढे झुकल्या. मग म्हणाल्या, "तो दगड कोठला व्हता? तठला, का गावमाधलाच?"

मी सांगितलं, मुलीने विचारलं. मोरीसान म्हणाले, "माहीत नाही. आजीने कुणाला विचारलंच नाही."

"आते कोठे शे तो?"

गावी, आजोबांच्या थडग्यात. दर वर्षी सगळे जातात, थडग्यावर पाणी घालतात.

"आम्हले तर दगड बी ऊना नही," अक्का म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा. "मंग आते पानी टाकशी, तवय मना बापनं बी नाव लेजो, भाऊ."

मी सांगितलं. मुलीने सांगितलं. मोरीसाननी दोन्ही हात मांड्यांना टेकवून मान लववली आणि नाव विचारलं.

"दगडू," अक्का म्हणाल्या.

मुलगी मोरीसानकडे वळली. तिने नाव सांगितलं. क्षणभर थांबली, आणि मग, कुणी न विचारता, नावाचा अर्थही सांगितला.

अक्कांकडे पाहून मोरीसाननी एकेक अक्षर जपून उच्चारलं, "दागुदूसान."

"हां," अक्का म्हणाल्या. "तोच."