सरांबरोबर पाँडिचेरीत

वर्ध्याच्या कॉलेजात मी इंटरला होतो, तेव्हाची ही हकिगत आहे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वडील पुलगावच्या कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मी वर्ध्याला वसतिगृहात राहत होतो आणि संध्याकाळी इंग्रजीच्या सरांकडे जात होतो. ते आम्हा चौघांना फी न घेता फ्रेंच शिकवत. वर्ध्यात फ्रेंचचा काय उपयोग, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मी जात होतो त्याचं खरं कारण त्यांचा ग्रामोफोन होता.

सर तरुणपणी तीन वर्षं पाँडिचेरीत राहून फ्रेंच शिकले होते. तिथल्या एका गाण्याची रेकॉर्ड त्यांच्याकडे होती. ती वाजवून वाजवून इतकी झिजली होती, की गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येई. वर्ध्याला आल्यावर हळूहळू त्यांचे डोळेही गेले. पूर्ण नाही. उजेड कळायचा, समोर माणूस उभा आहे हे कळायचं, पण कोण ते कळायचं नाही. घरातली प्रत्येक वस्तू ठरलेल्या जागी असे आणि ती कुणी हलवलेली त्यांना चालत नसे. वर्गात ते सगळं तोंडपाठ शिकवत, त्यामुळे कॉलेजात कित्येकांना याचा पत्ताही नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत पाँडिचेरीला जायचं त्यांनी ठरवलं आणि सोबत मला विचारलं. फ्रेंचांनी तिथला कारभार सोडून फार दिवस झाले नव्हते. सगळं बदलायच्या आत एकदा जाऊन यावं, ती रेकॉर्ड मिळते का पाहावी, जुन्या खाणावळीत जेवावं, आणि त्या वेळी त्यांच्या खोलीत राहणारा एक मित्र आता रेकॉर्डचं दुकान चालवतो असं कानावर आलं होतं, त्याला भेटावं, असा त्यांचा बेत होता.

त्यांनी एकच अट घातली. म्हणाले, "माझं दिसणं गेलंय हे तिथे कुणाला कळता कामा नये. त्यांनी मला पाहिलंय ते धावत जिने चढताना. तसाच राहू दे मला त्यांच्या लेखी."

कसं करायचं तेही त्यांनी ठरवलं होतं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर राहील. लोकांना ती माया वाटेल, आधार वाटणार नाही. वाटेत काही आडवं आलं तर मी हळूच सांगायचं. जेवताना समोर काय कुठे आहे ते एकदा सांगायचं, की पुढचं त्यांचं ते पाहून घेतील. वर्ध्यात त्यांच्या अंगणात आम्ही याचा सरावही केला.

वसतिगृहात ही बातमी पसरली तेव्हा मुलांनी माझी भरपूर चेष्टा केली. माझ्या खोलीतला आर्वीचा मुलगा रोज विचारायचा, "काऊन बे, परत येशीन तवा मराठी समजन का तुले?" मला ते आवडत होतं, हे कबूल करतो.

वडील स्टेशनवर आले होते. दशम्या आणि तिळाची चटणी बांधून आणली होती. सरांना त्यांनी वाकून नमस्कार केला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सरायले काई कराले लाऊ नको. सारं तू करजो. पानी बी तूच देजो." मद्रासपर्यंत मी ते अक्षरशः पाळलं. सरांना साधा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही.

मद्रासला गाडी बदलली, विल्लुपुरमला पुन्हा बदलली, आणि सकाळी पाँडिचेरीला उतरलो. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो तिथे. पण त्याच्याकडे बघायला सवड नव्हती, कारण सरांना रस्त्यांच्या पाट्या वाचून दाखवायच्या होत्या. पाट्या फ्रेंचमध्ये आणि खाली तमिळमध्ये. मी वाचलेलं सरांना आधी कळत नसे. मग ते हसून नीट उच्चार करत आणि म्हणत, "हं, म्हणजे उजवीकडे." पिवळ्या भिंतींची घरं, बंद हिरवी दारं, भिंतींवरून बाहेर आलेली बोगनवेल. हातपंपावर कळशा भरणाऱ्या बायका तमिळ बोलत आणि शेजारच्या दारातला पांढऱ्या विजारीतला म्हातारा फ्रेंच. माझी हिंदी तिथे कुणालाच उपयोगी नव्हती.

रेकॉर्ड विकणारी दोन दुकानं सकाळीच सापडली. एकात मुख्य धंदा सायकलींचा होता आणि रेकॉर्डी ट्यूबच्या डब्यांमागे ठेवलेल्या. दुसऱ्यात शिवणयंत्रं होती. सरांना हवं ते गाणं दोन्हीकडे नव्हतं. पण सर खुशीत होते. प्रत्येक दुकानात ते इतकं ऐटीत फ्रेंच बोलले, की दुकानदार उठून उभे राहिले. मी बाजूला उभा राहून त्यांची छत्री सांभाळत होतो आणि मला वाटत होतं, आपण हे नीट करतो आहोत. मित्राचं दुकान सरांनी मुद्दाम दुपारसाठी ठेवलं होतं. आधी जेवायचं होतं.

खाणावळ एका घराच्या अंगणात होती. मालकीणबाई बऱ्याच वयाच्या होत्या. सगळे त्यांना मादाम म्हणत. सरांचा आवाज ऐकताच त्या ओरडतच बाहेर आल्या आणि त्यांनी सरांच्या दोन्ही गालांना गाल लावले. मी खाली बघितलं. सरांनी मान जराशी वळवून मला मराठीत विचारलं, "केस पांढरे झालेत का रे?" मी हो म्हणालो. "सगळे?" "सगळे, सर." मग ते फ्रेंचमध्ये त्यांना म्हणाले की तुम्ही तर मुळीच बदलला नाहीत. एवढं फ्रेंच मला समजलं. बाई हसल्या आणि त्यांनी आम्हाला मधलं टेबल दिलं.

आजूबाजूला दहा-बारा माणसं जेवत होती, बहुतेक जुने सरकारी नोकर असावेत. मी सरांना हळू आवाजात सांगितलं, पेला उजव्या हाताला, पाव डावीकडे, चमचा इथे. प्रत्येकापुढे एक घडी केलेला पांढरा रुमाल होता. तो कशासाठी ते मला कळलं नाही आणि विचारायची लाज वाटली. आम्ही मांस-मासे खात नाही, अंडं चालेल, हे सरांनी सांगितलं होतं. खोलगट बशीत पातळ सूप आलं. वरणातली डाळ काढून घ्यावी तसं. पोट त्याने भरणार नव्हतं, म्हणून मी टोपलीतला पाव जवळजवळ सगळा खाल्ला. सरांनी चमचा खाली ठेवला आणि शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याशी त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. दोघेही कुठल्याशा जुन्या हेडमास्तरांच्या नकला करत होते.

मला वाटलं, जेवण झालं.

आता इथे आमच्या वसतिगृहाबद्दल सांगायला हवं. सेवाग्राम जवळच, त्यामुळे आमच्याकडे आश्रमाची शिस्त होती. प्रत्येकाने आपलं ताट आपण घासायचं, आणि वडीलधारं कुणी पंगतीला असेल तर त्यांचं ताट धाकट्याने उचलायचं. ताट तसंच टाकून उठणारा मुलगा आमच्यात हलका समजला जाई. मी तर त्यात सगळ्यांच्या पुढे असे. मिरवावं असं घरून मी काही आणलेलं नव्हतं, म्हणून ही गोष्ट मी नीट शिकून घेतली होती.

मी उठलो. माझी बशी आणि सरांची बशी एकावर एक ठेवली. चमचे, टोपली, सरांचा रिकामा पेला, सगळं गोळा केलं. त्या पांढऱ्या रुमालाने सरांसमोरचं टेबल स्वच्छ पुसलं. रुमाल त्यासाठीच असणार असं तेव्हा मला वाटलं. सर बोलण्यात रंगले होते, त्यांना मध्येच थांबवणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांना न सांगता मी स्वयंपाकघराच्या दारातून मागे गेलो.

मागे नळ होता. चुलीतली राख घेतली आणि उकिडवा बसून घासायला लागलो. आचारी धावत आला आणि तमिळमध्ये काहीतरी मोठ्याने म्हणू लागला. तो माझ्या हातातली बशी ओढायला लागला, तेव्हा मला वाटलं, पाहुण्याला नको म्हणतात तसं हा म्हणतोय. मी हसून हिंदीत म्हटलं, "रहने दो भैया, आदत है." आणि पेलाही घासायला घेतला.

तेवढ्यात आत काच फुटल्याचा आवाज आला.

मी ओल्या हातांनी दारापर्यंत आलो. मादामनी दरम्यान पुढचा पदार्थ वाढला होता. जेवण संपलं नव्हतं, ते सुरू झालं होतं. नवी ताटली, नवा पेला, पण पेला दुसऱ्या जागी. सरांनी मी सांगितलेल्या जागी हात नेला असेल. तिथे काही नव्हतं. मग शोधताना तो दुसरा पेला पडला. पाणी टेबलावरून खाली ठिबकत होतं आणि सरांचा हात पसरलेल्या बोटांनी ओल्या लाकडावरून हळूहळू सरकत होता. त्याने काटा ओलांडला, ताटलीची कड चाचपली, तो गरम ऑम्लेटला लागला आणि झटकन मागे आला. सगळ्या टेबलांवरचं बोलणं थांबलं होतं. सरांनी मान वर केली आणि मोठ्याने मराठीत विचारलं, "अरे, आहेस का तू?"

मी आहे म्हणायला हवं होतं. मी ओले हात सदऱ्याला पुसत राहिलो.

मादाम पुढे आल्या. त्यांनी सरांच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी सरांचा हात धरून काट्यावर ठेवला. मग वाकून त्यांच्या ऑम्लेटचे लहान लहान तुकडे केले, लहान मुलाला करून देतात तसे. त्या क्षणापासून त्या सरांशी मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून बोलू लागल्या, जणू सरांना ऐकूही येत नव्हतं. शेजारचा म्हातारा आपल्या ताटलीत बघून जेवू लागला. हेडमास्तरांची नक्कल अर्धीच राहिली.

मी येऊन बसलो. सरांनी सगळे तुकडे संपवले, मागून आलेलं केळं खाल्लं आणि आभार मानले. निघताना मादाम त्यांचं कोपर धरून दारापर्यंत आल्या आणि उंबरा आला तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी तो सांगितला.

रस्त्यावर आल्यावर सरांनी हात माझ्या खांद्यावर ठेवला. बरंच चालल्यावर त्यांनी विचारलं, "कुठे गेला होतास?"

"ताटं घासायला, सर."

ते थांबले. मग हसले, आणि खरंच हसले. "राखेनं?"

"हो, सर."

"मग चांगली निघाली असतील," ते म्हणाले. आम्ही समुद्रापर्यंत चालत गेलो. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. दुकानं चार वाजता उघडणार होती. तोवर आम्ही बाकावर बसलो. मी दशम्यांची पुरचुंडी सोडली. त्यांनी नको म्हटलं, म्हणून मीही खाल्लं नाही.

मित्राचं दुकान जवळच होतं. समोरच्या फुटपाथवर एक झाड होतं, तिथे सर थांबले. म्हणाले, "तू जा. मी इथे उभा राहतो. माझ्याबद्दल विचारलं तर मी वर्ध्याला आहे." मी म्हटलं, सर, चला ना, या वेळी मी कुठेही जाणार नाही. त्यांनी नुसती मान हलवली.

दुकानात टक्कल पडलेला, जाडसर, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस होता. रेकॉर्ड मागायचं, सरांनी पाठ करून घेतलेलं वाक्य मी म्हटलं. त्याला ते कळलं नाही. दुसऱ्यांदाही कळलं नाही. गाण्याचे पहिले शब्दही मला नीट म्हणता येईनात. शेवटी मी चाल गुणगुणली. दुकानात दोन बायका होत्या, त्या वळून बघू लागल्या. माझे कान तापले होते, पण मी थांबलो नाही. कडवं संपायच्या आतच त्या माणसाने पुढची ओळ उचलली. आम्ही दोघांनी ती मिळून पुरी केली. मग त्याचं हसू गेलं आणि त्याने विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

मी सरांचं नाव सांगितलं. तो कुठे आहे? वर्ध्याला.

तो फळ्यांकडे वळला. मग शिडी लावून वरच्या फळीवरून एक तबकडी काढली, पुसली, जाड कागदात बांधली. बांधताना तो बोलत होता. 'त्याला सांग' एवढं मला समजलं. पुढचं बरंच काही होतं आणि त्यातलं एक अक्षरही मला कळलं नाही. पुन्हा सांगा, असं म्हणायचं फ्रेंच मला येत होतं, पण ते त्या वेळी आठवलं नाही.

बाहेर आलो. रेकॉर्ड सरांच्या हातात दिली. त्यांनी कागदावरून बोटं फिरवली. "काय म्हणाला?"

"काहीतरी सांगायला सांगितलं, सर. मला समजलं नाही."

"असू दे," ते म्हणाले आणि त्यांनी हात माझ्या खांद्यावर ठेवला.

निघण्याआधी मी दुकानाकडे वळून पाहिलं. तो माणूस दुकानाच्या दारात येऊन उभा होता. तो सरांकडे बघत होता, खांद्यावरच्या त्यांच्या हाताकडे बघत होता. त्याने हाक मारली नाही. त्याने हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. सरांचा चेहरा त्याच्याच दिशेला होता.

माझा खांदा हलला असावा. सरांनी विचारलं, "काय रे, काय झालं?"

"दगड आहे, सर, पुढे," मी म्हणालो.

दगड नव्हता. सरांनी पाय उंच उचलला आणि सपाट रस्त्यावर जपून टाकला.