टाकोबद्दलचे दोनशे तेरा गैरसमज

देल्फिनो कुआमात्सीला दारू चालायची, सिगारेट चालायची, न कळवता आलेला पाहुणासुद्धा चालायचा. पण टाकोबद्दल कोणी चुकीचं बोललेलं चालायचं नाही. सेहेचाळीस वर्षं त्याने राजधानीत, मेट्रो स्टेशनाच्या तोंडाशी, एकाच कोपऱ्यावर उभं राहून सायकलवरच्या टोपलीतून टाको विकले आणि विकता विकता गिऱ्हाइकांच्या चुका सुधारल्या. त्याची बायको हासिंता म्हणायची, "आमचे हे चुका सुधारायला जातात. टाको काय, जाता जाता खपतात."

टोपलीतले टाको हा आमच्या सान बेर्नाबेचा पिढीजात धंदा. त्लास्काला प्रांतातल्या या एवढ्याशा गावात घरटी एक तरी टोपली आहे. बायका पहाटे उठून तोर्तियांत, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्यांत, बटाटा, वाटलेला घेवडा, लाल मसाल्यातलं डुकराचं कातडं भरतात, थरावर थर रचतात, वरून कांदा-मिरचीचं कढत तेल ओततात आणि सगळं निळ्या प्लास्टिकात आणि जाड कापडात गुंडाळतात. राजधानीत पोचेपर्यंत टाको स्वतःच्याच वाफेने घामेजून मऊ होतात. मग पुरुष ते विकतात, आणि संध्याकाळी घरी येऊन "आज माझे टाको काय जमले होते!" असं सांगतात.

देल्फिनोच्या धाकट्या मुलीचा मी धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणतो. त्या नात्याच्या हक्काने त्याची वही मी पुष्कळदा पाहिली आहे. शाळेची, चौकटीच्या कागदाची वही. तीन रकाने: गैरसमज, खरं काय, आणि कोणी सांगितला. तिसऱ्या रकान्यात नावं नसत, कारण नावं त्याला ठाऊक नसत. 'टाय लावलेला, दोन बटाट्याचे खाल्ले', 'लाल बूटवाली बाई', 'एक पाद्री, आणि वर हट्टी' अशी माणसं तिथे बसलेली असत.

नंबर चार: कडक, वाकवलेल्या पापडासारखा असतो तो खरा टाको. यावर तो दहा मिनिटं बोलायचा. टाको आपणही तळतो, पण आधी भरून मग तळतो; आधी रिकामं टरफल तळायचं आणि मग त्यात खिमा, पिवळं चीज आणि कोबीचा पाला कोंबायचा ही उत्तरेच्या सीमेपलीकडच्या देशातली कारखान्याची सोय. "आणि टरफल वाकवायचा तो साचासुद्धा," आवाज खाली आणून तो पुढे म्हणायचा, "पलीकडे जाऊन आपल्याच लोकांनी काढला. म्हणजे दोष द्यायला बाहेरचा माणूससुद्धा नाही."

नंबर अकरा: टाको हे नाव स्पॅनिश येण्याआधीच्या मोक्तेसुमा राजाच्या काळापासूनचं. मक्याच्या भाकरीत गुंडाळून खाणं तेव्हापासूनचं हे त्याला मान्य होतं, पण टाको हा शब्द खाण्यासाठी छापलेला सापडतो तो फार तर सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचा. चांदीच्या खाणीत खडक फोडायला सुरुंगाची दारू कागदात गुंडाळून भोकात ठासत, त्या पुडीला टाको म्हणत, त्यावरून हे नाव आलं असं काही जाणकार मानतात. "मानतात," तो बजावायचा, "ठाम कोणालाच माहीत नाही. ठाम सांगणारा भेटला तर त्याला माझ्याकडे पाठवा."

उभ्या सळईवर फिरणारं मांस आपल्या पूर्वजांचं म्हणणाऱ्याला तो लेबनॉनहून बोटीने आलेल्या माणसांची गोष्ट ऐकवायचा: ते मेंढीचं भाजत, आपण डुकराचं केलं आणि अननस लावून आपलं म्हटलं. पाच मे हा आपला स्वातंत्र्यदिन म्हणून त्याला शुभेच्छा देणाऱ्या एका परदेशी पाहुण्याला त्याने फ्रेंचांशी झालेली पुएब्लाची लढाई पहिल्या तोफेपासून सांगितली. बिचाऱ्याची मेट्रो चुकली.

एक नोंद मात्र खोडलेली होती. नंबर साठ: गव्हाची तोर्तियासुद्धा खरी तोर्तिया असते. हा गैरसमज म्हणून लिहिलेला. मग उत्तरेतल्या सोनोराचा एक ट्रकवाला भेटला, अर्धा तास भांडला, आणि आमच्याकडे पणज्या गव्हाचीच लाटत आल्या म्हणाला. देल्फिनोने त्याच्यासमोर ती नोंद खोडली आणि शेजारी लिहिलं, 'चूक माझी.' त्याचा मला राग यायचा तो याच गोष्टीसाठी. त्याच्याशी भांडून जिंकलं तरी शेवटी मोठा तोच दिसायचा.

फक्त एक गोष्ट त्याने कधी तपासली नव्हती. गावातला पहिला टाकोवाला आपला बाप, आउरेलिओ कुआमात्सी. हे त्याला भाकरीबरोबर भरवलेलं होतं. अडचण एवढीच की गावात आणखी सहा घरांना आपापला आजा पहिला वाटत होता.

तीन वर्षांपूर्वी गावाने पहिल्या टाकोवाल्याचा पुतळा उभारायचं ठरवलं, तेव्हा ही सातही घरं जागी झाली. समितीचा चिटणीस मी. चार बैठका झाल्या, दोन खुर्च्या मोडल्या. शेवटी कोणीतरी म्हणालं, पेत्रोनिला आजीला विचारा. आजी शहाण्णव वर्षांची, तो काळ पाहिलेली एकटीच उरलेली. पण विचारायला जाणार कोण? तेव्हा इतर सहा घरांनीच सांगितलं, "देल्फिनोला पाठवा. हा माणूस बापासाठीसुद्धा खोटं बोलायचा नाही. तो सांगेल ते आम्हाला कबूल."

त्याला तेव्हा काय वाटलं हे मी पाहिलं आहे. सत्तर उलटलेला माणूस, पण नवा शर्ट मिळालेल्या पोरासारखा उजळला होता.

चिटणीस म्हणून मीही बरोबर गेलो. आजी अंगणात मक्याचे दाणे सोडवत बसली होती. कानांनी अधू, जिभेने ठणठणीत.

"आजी," देल्फिनो ओरडला, "गावातून राजधानीत टोपली पहिल्यांदा कोणी नेली?"

"ओरडतोस कशाला? बहिरी आहे, मेले नाही. ब्रिहिदाने."

"कोण ब्रिहिदा?"

"माझी आत्या. शालीत टोपली बांधून पाठीवर घ्यायची नि आगगाडीने जायची. तुझा तो कोपरा आहे ना, तिथे बसायची. तेव्हा तिथे ट्राम होती."

"आणि माझा बाप?"

"आउरेलिओ? तो स्टेशनवर हमाल होता रे. तिची टोपली उतरवायचा, दोन टाको खायचा. तिचे गुडघे गेले तेव्हा कोपरा त्याला दिला तिने. मग त्याने सायकल घेतली. सायकलवर पहिली टोपली त्याचीच हं, ते खरं. तेल कसं ओतायचं ते आत्यानेच तुझ्या आईला शिकवलं."

"मग आजपर्यंत कोणी बोललं कसं नाही?" मी विचारलं.

"तिला ना मूल ना बाळ. तिच्यासाठी भांडणार कोण?" असं म्हणून आजीने पुढचं कणीस उचललं.

परतीच्या वाटेवर देल्फिनो भराभर पुढे चालत होता. गावाच्या कमानीपाशी थांबून म्हणाला, "कोंपाद्रे, पुतळा सायकलवाल्याचाच करणार ना आपण?"

"ठरलंय तसं."

"मग झालं तर."

बैठकीत तो उभा राहिला आणि म्हणाला, "पेत्रोनिला आजी म्हणते, सायकलवर पहिली टोपली नेली ती आउरेलिओ कुआमात्सीने." यातला एकही शब्द खोटा नव्हता. सहाही घरांनी माना खाली घातल्या, कोणीतरी टाळी वाजवली. मी ते इतिवृत्तात लिहिलं आणि खाली सही केली. माझ्या अक्षराची गावात तारीफ होते.

पुतळ्याखालच्या दगडावर कोरायला नाव गेलं. देल्फिनो मात्र वाळत चालला. वहीला हात लावेना. एका माणसाने त्याच्यासमोर टाको चिनी आहे म्हणून सांगितलं, तरी हा गप्प. हासिंताने मला विचारलं, "डॉक्टरकडे नेऊ का?"

मे महिन्यात आम्ही दोघं पुतळा बघायला पुएब्लाला शिल्पकाराकडे गेलो. रोहेलिओ नावाचा हसतमुख तरुण. पुतळा सिमेंटचा, वरून कांस्याचा रंग. सायकल झकास, टोपली झकास, मिशासुद्धा झकास. आणि पुढे केलेल्या हातात एक कडक, वाकवलेलं टरफल, त्यातून डोकावणारा कोबीचा पाला.

देल्फिनोचा चेहरा असा झाला की मी खुर्ची शोधू लागलो.

"हे काय आहे?"

"टाको, काका."

"हा टाको? टोपलीतला? घामेजलेला? कुठे पाहिलास तू हा?"

"फोनवर 'टाको' लिहिलं की हाच येतो. लोकांना हाच ओळखू येतो, काका. मऊ केला तर कळणार कोणाला? छान दिसतंय, सगळे खूश होतील. काय बिघडतंय?"

"काय बिघडतंय?" देल्फिनो गरजला. "खोटं आहे ते! कायमचं उभं राहणार आहे ते चौकात! आज छान दिसतंय म्हणून तू खोटं उभं करणार, आणि पोरं तेच खरं मानून..."

तिथेच तो थांबला. मग हळूच म्हणाला, "टाको मऊ कर, पोरा," आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

त्याच दिवशी घरी आल्यावर त्याने हासिंताला सगळं सांगितलं. मी तिथे होतो. मलाही माझ्या वाट्याच्या शिव्या खायच्या होत्या. पण हासिंता चिडली नाही. तिने हातातली पळी खाली ठेवली.

"ब्रिहिदा?" ती म्हणाली. "सासूबाई मला तेल ओतायला शिकवताना म्हणायच्या, हळू, ब्रिहिदाच्या हाताने ओत. मला वाटायचं कोणी संत असेल. पन्नास वर्षं रोज पहाटे तिचं नाव घेतेय मी."

"मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत? तेल ओतताना तुम्ही झोपलेले असायचात."

देल्फिनो रडला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बाप खोटा ठरला म्हणून नाही. "बिचारा कधी म्हणालाच नव्हता की मी पहिला," तो म्हणाला. "मीच म्हणत आलो."

अकरा जूनला, सान बेर्नाबेच्या जत्रेत, पुतळ्यावरचं कापड काढायचं होतं. दगड आधीच कोरून बसवलेला, बँड आलेला, नगराध्यक्ष पांढऱ्या टोपीत. पेत्रोनिला आजी पहिल्या रांगेत छत्रीखाली. देल्फिनोने कापड ओढलं. खाली मोठ्या अक्षरांत 'आउरेलिओ कुआमात्सी, पहिला टाकोवाला'. टाळ्या संपल्यावर त्याने ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"हे चुकीचं आहे," तो म्हणाला. "पहिला माझा बाप नव्हता. पहिली ब्रिहिदा होती, पेत्रोनिला आजीची आत्या. पाठीवर टोपली घेऊन गेली. माझ्या बापाला धंदा तिने दिला. मी ते कळूनसुद्धा तुमच्यापासून लपवलं. दगड बदला."

मी आजीच्या छत्रीमागे सरकलो, कारण इतिवृत्त माझ्या सहीचं होतं. मग नगराध्यक्षांनी पुढे होऊन त्याला मिठी मारली, ध्वनिक्षेपक काढून घेतला आणि म्हणाले, "पाहिलंत? याला म्हणतात विनम्रता! स्वतःच्या बापाचा मान एका गरीब म्हातारीला देणारा मुलगा! आउरेलिओचं रक्त आहे हे!"

लोक उभे राहिले. सहा घरांची माणसंसुद्धा डोळे पुसत होती. देल्फिनो "अहो, ऐका, खरंच सांगतोय," म्हणत होता, तोवर बँड सुरू झाला. तो जितका ओरडे, तितक्या टाळ्या पडत.

पेत्रोनिला आजीने माझी बाही ओढली. "काय म्हणाला तो?"

"ब्रिहिदाचं नाव घेतलं, आजी!" मी तिच्या कानात ओरडलो.

"मग लोक नाचताहेत का?"



दगड अजून तसाच आहे. देल्फिनोने तीन अर्ज दिले. समितीने तीनही वेळा त्याच्या विनम्रतेची नोंद घेतली. मी माझं इतिवृत्त दुरुस्त केलं, तर लोक म्हणाले, कोंपाद्रेच्या संगतीने हासुद्धा विनम्र झाला. रविवारी राजधानीतून गाड्या येतात. पुतळ्याच्या हातातला मऊ टाको सिमेंटमध्ये घडी घातलेल्या रुमालासारखा दिसतो, आणि नाक पुसायला काढलाय का, असं पोरं विचारतात. देल्फिनो शेजारच्या बाकावर बसलेला असतो. टाकोबद्दल सांगतो, ते लोक ऐकतात. ब्रिहिदाबद्दल सांगू लागतो, तेव्हा कोणीतरी विचारतं, "तुम्हीच ना पहिल्या टाकोवाल्याचे चिरंजीव? एक फोटो काढू?"

मागच्या महिन्यात त्याच्याकडे गेलो तेव्हा वही टेबलावर उघडी होती. बऱ्याच दिवसांनी नवी नोंद होती. नंबर दोनशे तेरा. गैरसमज: आमच्या गावचा पहिला टाकोवाला आउरेलिओ कुआमात्सी. खरं काय: ब्रिहिदा, आडनाव आजीलाही आठवत नाही. आणि तिसऱ्या रकान्यात, जिथे टायवाले आणि लाल बूटवाल्या बसतात तिथे, कोणी सांगितला: मी.