दिवेलागणीची रिंग

दिवेलागण झाली की आई पदराला हात पुसायची, आपला साधा बटणांचा फोन घ्यायची आणि पुण्यातल्या माझ्या धाकट्या भावाला मिस कॉल द्यायची. एकदा रिंग वाजली की कट. लगेच त्याची उलट रिंग यायची, तीही एकदाच. कुणी उचलायचं नाही, असा दोघांचा रिवाज. शब्द एक नाही, पण आईचा चेहरा असा खुलायचा की माझ्या पोटात दुखायचं. आमच्या मस्तगड मोहल्ल्यातल्या घरात तिचा चहा, बीपीच्या गोळ्या, सगळं मी बघायची. चेहरा खुलायचा तो त्याच्यासाठी.

त्यात माझी नोकरी मोबाइल कंपनीच्या कंट्रोल रूममधली. "आई, आता बोलणं फुकट आहे, बोल की त्याच्याशी," मी एकदा तिरसटून म्हणाले.

"बोलायला काय हाय त्यात? वाजली की कळतं, लेकरू बराबर हाय."

तिचं खरंच होतं. नंबर लावला की आवाजाच्या आधी एक निरोप धावतो. त्या नंबरची घरची नोंद जिथे असते तिथे तो विचारतो, हा सध्या कुठे आहे? फोन जाईल तिथून आपला ठावठिकाणा घरी कळवत असतो, म्हणून उत्तर मिळतं आणि त्या पत्त्यावर रिंग वाजते. मिस कॉलमध्ये प्रवास करतो तो एवढा निरोपच. असले निरोप कुठे अडकले ते शोधण्यात माझा दिवस जायचा, आणि संध्याकाळी घरीही तेच. जो गेला त्याची विचारपूस! घरात बसलेलीला कोण विचारतंय?

यंदा ऊसतोडीच्या दिवसांत साखर कारखान्याच्या गर्दीमुळे अंकुशनगरला कॉल लागेनात, म्हणून मला तिथे मुक्कामी पाठवलं. पहिल्याच संध्याकाळी मी फोन हातात घेऊन बसले. आता मीही गेलेलीच होते ना! रेंज भरपूर होती, दुपारी मीच नीट केली होती. अंधार पडला तरी फोन गप्प. मनातल्या मनात मी आईशी कडाकडा भांडले.

मग फोन आला, तो भावाचा. "ताई, आईनं आज मला दोनदा वाजवलं. मी घाबरून फोन लावला, तं म्हन्ली, दुसरी तुझ्या बहिणीची हाय, तिला पोचव. म्हणून पोचवून राह्यलो."

आईला वाचता येत नाही. दोनचं बटण दाबून धरलं की भावाला लागतो, हे मीच बसवून दिलं होतं. माझा नंबर तिच्या फोनमध्ये नव्हताच. दिवेलागणीला मी सदा घरात, कशाला घालायचा? पत्त्याशिवाय निरोप जात नाही हे दिवसभर घोकणारी मी, आणि माझी रिंग पुण्याला जाऊन आली. आनंद झाला, नाही असं नाही. पण तीही आधी त्याच्याकडेच वाजली, हे काही गिळवेना.

परत आल्यावर तीनच्या बटणावर मी स्वतःला बसवलं. संध्याकाळी आईने आधी दोनच दाबलं. मग माझ्याकडे न बघता तीन दाबलं. परातीशेजारी माझा फोन वाजला. मी उचलला नाही. पीठ लागलेल्या बोटाने उलट रिंग दिली. तिचा चेहरा खुलला. भावासाठी खुलतो तेवढाच खुलला का, ते मी नीट निरखून बघितलं.